बीटल घाटमाथ्यावर बंद पडते आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते: नेमके निदान कसे करावे?

हवाथंड (१२ ऑगस्ट, रात्री ९.४०)

माझ्याकडे १९६८ची फोक्सवॅगन बीटल आहे. मूळ इंजिन गेल्यावर आधीच्या मालकांनी तिला १५८४ सीसीचे, १९७२च्या सुमाराचे ड्युअल पोर्ट इंजिन बसवले. कार्बोरेटर सोलेक्सचा ३४ पिक्ट-३ आहे, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) बॉशचा ००९ आहे, वायरिंग बारा व्होल्टचे आहे. मूळचा तेलाचा एअर फिल्टर जाऊन छोटा क्रोमचा फिल्टर आलेला आहे आणि सायलेन्सर सहा वर्षांपूर्वी बदललेला आहे. गाडी माझ्याकडे आली तेव्हा हे सारे असेच होते.

तक्रार अशी आहे. पुण्याहून वाईपर्यंत गाडी उत्तम येते. पसरणीचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढते. पाचगणी सोडून महाबळेश्वरच्या दिशेने सपाटीला लागलो, धुके आणि भुरभुर पाऊस सुरू झाला, की ताशी चाळीसच्या वेगाने जाताना हळूहळू दम कमी होऊ लागतो. तोच वेग टिकवायला ॲक्सिलरेटर थोडा थोडा अधिक दाबावा लागतो, पेट्रोलचा वास येतो, आणि एखाद्या एसटीमागे थांबण्याची वेळ आली की स्लो (उभ्या गाडीतली इंजिनाची गती) खाली जाऊन इंजिन बंद पडते. लगेच सेल्फ मारला तर एखाद-दुसरा ठोका देते आणि पुन्हा गप्प होते. दहा मिनिटांनी पहिल्याच सेल्फला सुरू होते, जणू काही झालेच नव्हते. आठ-दहा किलोमीटरनंतर पुन्हा तेच.

पहिल्या खेपेला वाटेतल्या एका मिस्त्रीने पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवले आणि गाडी सुरू झाली, म्हणून त्याने एअर लॉक (पेट्रोलची वाफ होऊन नळी अडणे) असल्याचे सांगितले. पुण्याला परतल्यावर गॅरेजने प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि शेवटी पेट्रोल पंपसुद्धा बदलला. गेल्या रविवारी गाडी त्याच रस्त्यावर, जवळजवळ त्याच वळणावर पुन्हा बंद पडली. एप्रिलच्या उन्हात मात्र हाच प्रवास विनातक्रार झाला होता. पुढे काय बदलावे, असा प्रश्न मी विचारणार होतो. पण आता वाटते की आधी काय तपासावे हे विचारायला हवे.

घाटवाट (१२ ऑगस्ट, रात्री १०.१५)

हा शंभर टक्के एअर लॉक आहे. बीटलचा यांत्रिक पंप इंजिनच्या धडावरच, डिस्ट्रिब्युटरशेजारी बसवलेला असतो. घाट चढून इंजिन तापले की पंपातले आणि नळीतले पेट्रोल उकळते, वाफ होते, आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, त्याने हा त्रास वाढला आहे. माझ्या १३०० बीटलला मी पुढे, टाकीजवळ, इलेक्ट्रिक पंप बसवला आणि इंजिनजवळच्या नळीवर उष्णतारोधक वेष्टन घातले. त्यानंतर मे महिन्यातही तक्रार आलेली नाही. ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली, यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

तारेवरची (१२ ऑगस्ट, रात्री ११.०५)

एअर लॉकवर शिक्कामोर्तब करण्याआधी वीज तपासावी, असे मी सुचवते. कंडेन्सर आणि कॉइल हे दोन्ही तापल्यावर दगा देतात आणि गार झाल्यावर शहाण्यासारखे वागतात. नवे बसवले म्हणून ते चांगलेच असतील असे गृहीत धरू नये. हल्ली बाजारात मिळणारे कंडेन्सर जुन्यापेक्षा लवकर जातात, असा माझा अनुभव आहे.

त्याहून हमखास फसवणारी एक जागा म्हणजे इग्निशन स्विचपासून कॉइलच्या १५ नंबरच्या टोकापर्यंत येणारी काळी वायर. याच टोकावरून ऑटोमॅटिक चोकला (थंड इंजिनासाठी हवा कमी करणाऱ्या पाकळीला) आणि कार्बोरेटरच्या स्लोच्या सोलेनॉइडलाही (विजेवरच्या झडपेलाही) वीज जाते. स्विचचे संपर्क झिजले असतील तर तिघांनाही व्होल्टेज कमी मिळते आणि दोष मात्र पेट्रोलचा असल्यासारखा दिसतो. इंजिन बंद पडल्याबरोबर, चावी चालू ठेवून, १५ नंबरवर टेस्ट लॅम्प लावून पाहा. दिवा पूर्ण उजेडाने लागला तर स्विच निर्दोष.

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली पॉइंटची बारीक वायरही पाहून घ्यावी. व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढे सरकवणाऱ्या) डिस्ट्रिब्युटरमध्ये तळपट्टी मागेपुढे हलते, त्यामुळे ती वायर आवरणाच्या आत तुटते आणि बाहेरून अगदी धडधाकट दिसते. ००९मध्ये व्हॅक्यूम नसल्याने पट्टी हलत नाही, तेव्हा आपल्याकडे ही शक्यता कमी आहे. तरी दोन मिनिटांचे काम आहे.

जुनामिस्त्री (१३ ऑगस्ट, सकाळी ६.५०)

हवाथंड, आपण प्रश्न बदललात हे फार बरे केलेत. मी पस्तीस वर्षे गॅरेज चालवले आणि त्यातली बरीच वर्षे एअर-कूल्ड इंजिनांवर हात काळे केले. त्या अनुभवावरून सांगतो की 'दहा मिनिटांनी सुरू होते' या लक्षणाइतके फसवे लक्षण दुसरे नाही. एअर लॉक असेल तर दहा मिनिटांत वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. कॉइल तापली असेल तर दहा मिनिटांत ती निवते. टाकीच्या झाकणाचे छिद्र बुजले असेल तर तेवढ्या वेळात टाकीत हवा शिरून निर्वात भरून निघतो. टाकीतल्या गाळाने जाळी बुजली असेल तर ओढ थांबल्यावर गाळ खाली बसतो. चार वेगवेगळी दुखणी आणि औषध एकच, ते म्हणजे थांबणे. त्या मिस्त्रीने पंपावर ओले फडके ठेवले ते बरोबर असेलही; पण त्याने ते स्टेपनीवर ठेवले असते तरी गाडी दहा मिनिटांनी सुरू झाली असती की नाही, हे आपल्याला ठाऊक नाही.

म्हणून गाडी सुरू कधी होते यापेक्षा ती बंद पडते त्या क्षणी काय असते ते पाहावे. ती पहिली दोन मिनिटेच कामाची असतात, आणि नेमकी तीच आपण सेल्फ मारण्यात घालवतो.

क्लच दाबा, गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, चावी बंद करा. मागचे झाकण उघडून (बीटलचे इंजिन मागे असते) एअर फिल्टर काढा आणि कार्बोरेटरच्या घशात पाहत थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा, दांडा हाताने एकदा पूर्ण फिरवा. ॲक्सिलरेटर पंपाच्या पितळी नळीतून पेट्रोलची धार उडाली तर फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमधल्या साठ्यात) पेट्रोल आहे आणि एअर लॉक बाद. धार उडाली नाही तर घाटवाट यांचे म्हणणे खरे धरून पंप, नळी आणि टाकीकडे जा. त्यानंतर फिल्टर पुन्हा बसवा, सांडलेले पेट्रोल उडून जाऊ द्या, आणि मगच कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून, रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनच्या धातूजवळ धरून ठिणगी पाहा. उघड्या कार्बोरेटरशेजारी ठिणगी पाहणारे महाभाग मी पाहिलेले आहेत. बीटलच्या मागच्या डब्यात एकदा आग लागली की हाताशी फार वेळ उरत नाही.

आपल्या लिहिण्यात दोन गोष्टी मला खटकतात. चढावर इंजिन सर्वाधिक तापते आणि पेट्रोलही सर्वाधिक ओढते, तेव्हा एअर लॉक किंवा गाळ असेल तर गाडी पसरणीतच थांबायला हवी होती, वर सपाटीला नव्हे. दुसरे, बंद पडण्याआधी पेट्रोलचा वास येतो म्हणता. पेट्रोल कमी पडणारे इंजिन झटके मारते, कार्बोरेटरमधून फटफट उलटे ठोके देते; वास येत नाही. वास येतो म्हणजे पेट्रोल आहे आणि त्याला हवा पुरत नाही. ऑटोमॅटिक चोकची पाकळी अर्धी मिटलेली राहते का, ते आधी पाहा.

जाता जाता, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) केव्हा पाहिले होते? पूर्ण थंड इंजिनवर, म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींना ०.१५ मिलिमीटर हवे. पॉइंटला ०.४ ठेवा.

हवाथंड (१५ ऑगस्ट, सायंकाळी ५.३०)

मिस्त्रीकाका, सुट्टीचा दिवस सत्कारणी लावला. सकाळी थंड इंजिनवर टॅपेट पाहिले. सात ठीक होते, पण तीन नंबरच्या सिलिंडरच्या, म्हणजे डावीकडच्या पुढच्या, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.०५चे पातेही जाईना. ते ०.१५ केले. पॉइंट ०.४ आहेत. सोलेनॉइड चावी फिरवल्यावर टक् असा आवाज करतो. चोकची पाकळी थंड असताना मिटते आणि साधारण तीन मिनिटांत पूर्ण उभी होते. टाकीचे झाकण तोंडाने फुंकून पाहिले, हवा जाते. इग्निशन चालू असताना कॉइलच्या १५ नंबरवर १२.१ व्होल्ट येतात, बॅटरीवर १२.४.

त्यानंतर अंगणात गाडी चाळीस मिनिटे स्लोवर चालू ठेवली, पुढे तासभर शहरात फिरवली. एकदाही बंद पडली नाही. एक त्रुटी मात्र जाणवते: उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर क्षणभर इंजिन गुदमरते आणि मग उचलते. हाच दोष घाटमाथ्यावर मोठा होतो का?

तारेवरची (१५ ऑगस्ट, सायंकाळी ६.१०)

तो गुदमरण्याचा दोष ००९ आणि ३४ पिक्ट-३ या जोडीचा जन्मजात आहे. हा कार्बोरेटर व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या डिस्ट्रिब्युटरसाठी बनवलेला असून ००९मध्ये फक्त वजनांवर चालणारा ॲडव्हान्स असतो. थ्रॉटल उघडतो त्या क्षणी टायमिंग पुढे सरकत नाही आणि मिश्रण पातळ पडते. तो त्रास पुण्यातही असतो आणि महाबळेश्वरलाही. त्यामुळे धुक्यातच बंद पडण्याचे कारण तो नसावा. बॅटरी आणि कॉइल यांत ०.३ व्होल्टचा फरक चालण्याजोगा आहे, तेव्हा स्विचही सुटला.

जुनामिस्त्री (१५ ऑगस्ट, रात्री ८.२०)

तीन नंबरचा तो व्हॉल्व्ह वेळेवर सापडला. या इंजिनात तीन नंबर सर्वांत गरम चालतो असा लौकिक आहे, आणि फट संपलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही, त्याची उष्णता सिलिंडर हेडमध्ये उतरत नाही, आणि तो जळतो. ही दुरुस्ती आवश्यक होती. पण घाटमाथ्याचे कोडे तिने सुटेल असे मला वाटत नाही.

राइनकाठी (१६ ऑगस्ट, पहाटे २.३०)

इथे ड्युसेलडॉर्फमध्ये माझी १९७३ची बीटल दर ऑक्टोबरात अगदी हेच करीत असे. इथल्या जुन्या गाड्यांच्या मंडळींकडे यासाठी एक लांबलचक शब्द आहे: फेरगाझर-फेरआयझुंग, म्हणजे कार्बोरेटरमध्ये बर्फ धरणे.

हवाथंड, आपली लक्षणे या आजाराशी तंतोतंत जुळतात: दमट, गार हवा, बेताचा, अर्धामुर्धा उघडलेला थ्रॉटल, हळूहळू कमी होणारा दम, पेट्रोलचा वास, थांबल्यावर बंद पडणे, आणि दहा मिनिटांत आपोआप बरे होणे. गाडी उभी राहिली की खालच्या इंजिनची उष्णता वर चढते, बर्फ वितळतो आणि पुरावा पाण्याबरोबर वाहून जातो. घाट चढताना थ्रॉटल मोठा उघडा असतो, हवेला वाट पुरेशी असते, म्हणून तिथे त्रास होत नाही. आपण छोटा क्रोमचा फिल्टर असल्याचे लिहिले आहे, तिथेच मला शंका आली. मूळ तेलाच्या फिल्टरला एक गरम हवेची नळी आणि झडप असते. हवा गार असताना इंजिनाच्या सिलिंडरांवरून आलेली गरम हवा ती कार्बोरेटरला पाजते. क्रोमचा फिल्टर दिसायला छान असतो, पण त्याबरोबर ती नळी जाते.

घाटवाट (१६ ऑगस्ट, सकाळी ९.००)

महाराष्ट्रात, ऑगस्ट महिन्यात, इंजिनाच्या डब्यात बर्फ? महाबळेश्वरला फार तर अठरा-एकोणीस अंश असतील. राइनकाठी यांचा मान राखून म्हणतो की ड्युसेलडॉर्फचे दुखणे सातारा जिल्ह्याला लावू नये.

उत्कलन (१६ ऑगस्ट, सकाळी १०.४५)

घाटवाट यांची शंका स्वाभाविक आहे, पण पाणी गोठण्यासाठी बाहेरची हवा शून्याला जावी लागत नाही. कार्बोरेटरच्या घशातली जावी लागते. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलच्या फटीतून हवा पसरताना आणखी गार होते. दोन्ही मिळून तापमान वीस अंशांहून अधिक खाली येऊ शकते. बाहेर अठरा अंश आणि धुके असेल, म्हणजे हवा बाष्पाने भरलेली असेल, तर थ्रॉटलच्या पाकळीवर हिम धरण्यासाठी यापेक्षा सोयीची परिस्थिती नाही. उलट कडाक्याच्या कोरड्या थंडीत हा त्रास कमी होतो, कारण हवेत गोठायला पाणीच नसते.

पिस्टन इंजिनाची लहान विमाने चालवणारे लोक याला चांगलेच घाबरतात. विमान उतरवताना थ्रॉटल मिटलेला असतो, म्हणून त्या वेळी 'कार्ब हीट'चा खटका ओढून कार्बोरेटरला गरम हवा देण्याचे त्यांना पहिल्यापासून शिकवले जाते.

इथेनॉलबद्दल घाटवाट बोलले ते खरे आहे, फक्त दिशा उलटी धरावी लागेल. एक किलो इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या जवळपास अडीच पट उष्णता लागते. शिवाय एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९. म्हणजे त्याच हवेसाठी इंधन अधिक जायला हवे. वीस टक्के मिश्रणाने कार्बोरेटर पूर्वीपेक्षा अधिक गार होतो. एकच पेट्रोल मे महिन्यात एअर लॉक घडवते आणि श्रावणात बर्फ, यात विसंगती नाही.

जुनामिस्त्री (१६ ऑगस्ट, दुपारी १.१५)

राइनकाठी, आपण माझे डोळे उघडलेत. ही शक्यता मला आधीच सुचायला हवी होती. फिल्टरच्या नळीपेक्षाही मोठा संशयित आता समोर आहे, तो म्हणजे हीट रायझर.

कार्बोरेटर मधोमध आणि सिलिंडर दोन्ही बाजूंना दूर, अशी बीटलची रचना असल्यामुळे मिश्रण लांबच्या, गार नळीतून जाते. तिथे बर्फ धरू नये म्हणून इनटेक मॅनिफोल्डला (मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणाऱ्या नळीला) चिकटून, कार्बोरेटरच्या बरोबर खालून, एक बारीक नळी आडवी नेलेली असते. तिची दोन्ही टोके मागे सायलेन्सरच्या फ्लँजला जोडलेली असतात आणि एक्झॉस्टचा गरम धूर एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. हीच नळी वर्षानुवर्षांच्या काजळीने आतून बुजते. बाहेरून काहीही दिसत नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिन पाच-सात मिनिटे चालवल्यावर कार्बोरेटरखालच्या त्या भागाला बोट लावता येऊ नये इतका तो तापायला हवा. तिथे आरामात हात ठेवता आला तर नळी बंद आहे. घाटवाट, आपली चेष्टा मनावर घेतलेली नाही. पण या गाडीला इलेक्ट्रिक पंप बसवला असता तर हवाथंड यांचे आणखी काही हजार गेले असते आणि बर्फ तिथेच राहिला असता.

हवाथंड (२० ऑगस्ट, रात्री ११.२०)

काल मुद्दाम त्याच रस्त्याने गेलो. सोबत भाऊ होता, टेस्ट लॅम्प, पकड, आणि स्वयंपाकघरातली टॉर्च. पाचगणीपासून नऊ किलोमीटरवर दम जाऊ लागला. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली तोपर्यंत इंजिन बंद पडलेलेच होते. घड्याळात ११.४२ झाले होते.

भावाने झाकण उचलले आणि मी फिल्टरची क्लिप काढली. डब्यातून गरम तेलाचा वास येत होता, पंख्याच्या आवरणाला हात लावता येत नव्हता, आणि त्या सगळ्या उष्णतेच्या मधोमध कार्बोरेटरच्या बुडाशी, जिथे तो मॅनिफोल्डवर बसतो तिथे, बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा होता. आधी वाटले की पॅकिंगचा पांढरा मसाला बाहेर आला आहे. नखाने खरवडले तर नखाखाली भुसभुशीत हिम आले आणि बोटावर वितळले. त्याखालच्या मॅनिफोल्डवर पाण्याचे थेंब दाटले होते, जसे फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर दाटतात. थ्रॉटलचा दांडा हाताने फिरवला तर तो अडखळला, मग कट् असा बारीक आवाज होऊन सुटला. ॲक्सिलरेटर पंपाची धार जोरात उडाली. म्हणजे पेट्रोल होते. फिल्टर बसवून, थोडे थांबून ठिणगी पाहिली: निळी, लख्ख.

हीट रायझरवर हात ठेवला. सायलेन्सरकडच्या टोकाला, वीतभर अंतरापर्यंत, तो चटका बसण्याइतका गरम होता. कार्बोरेटरखाली गार आणि ओला. ११.४९ला पांढरा पट्टा गेला, ११.५२ला पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली. आम्ही ओले फडके कुठेही ठेवलेले नव्हते.

घाटवाट (२१ ऑगस्ट, सकाळी ७.३०)

माघार घेतो. आपले वर्णन आणखी दोनदा वाचले. आता नळी साफ कशी करायची, तेही सांगा, कारण माझ्या गाडीलाही क्रोमचा फिल्टर आहे.

जुनामिस्त्री (२१ ऑगस्ट, सकाळी ८.१०)

मॅनिफोल्डचा मधला भाग खाली काढल्याखेरीज हे काम होत नाही. ड्युअल पोर्टमध्ये दोन्ही बाजूंचे रबरी जोड सुटतात, पण डायनॅमो वाटेत येतो. त्याचा पट्टा सोडून पंख्याचे आवरण थोडे उचलावे लागते. उघडे पडलेले इनलेट स्वच्छ फडक्याने बंद करायला विसरू नका, एक नट आत पडला की अख्खे इंजिन उघडावे लागते.

नळी साफ करण्याची जुनी रीत अशी: गॅसच्या ज्वाळेने एका टोकाकडून लाल होईपर्यंत तापवायची आणि दुसरीकडून बारीक दाबाने हवा सोडायची. काजळी आतल्या आत कोळशासारखी पेटते आणि जळत पुढे सरकते. मग जुन्या ब्रेकच्या केबलचे टोक पिंजारून ड्रिल मशीनला लावायचे आणि दोन्ही बाजूंनी फिरवायचे. ज्वाळा अर्थातच पेट्रोलपासून, गाडीपासून दूर, उघड्यावर. कोणी कॉस्टिक सोड्यात बुडवायला सांगेल, पण ऐकू नका. मॅनिफोल्डच्या मध्यभागी नळीभोवती ॲल्युमिनियमचे ओतकाम आहे आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकतो.

सायलेन्सरकडची दोन्ही पॅकिंग नवी घ्या. रबरी जोडही तडकले असतील तर तेव्हाच बदला, नाहीतर तिथून हवा ओढून स्लो कधीच जागेवर बसणार नाही.

राइनकाठी (२१ ऑगस्ट, दुपारी ३.४५)

एक पुस्ती जोडतो. बाहेरच्या बनावटीचा सायलेन्सर असेल तर फ्लँजची छिद्रे जरूर पाहावीत. मूळ सायलेन्सरमध्ये दोन्ही टोकांच्या दाबात फरक पडेल अशी योजना असते, म्हणून धूर वाहतो. काही नव्या सायलेन्सरांत दोन्हीकडे सारखाच दाब येतो, आणि मग नळी स्वच्छ असूनही धूर जागच्या जागी उभा राहतो.

हवाथंड (३० ऑगस्ट, रात्री ९.०५)

काम पूर्ण झाले. दोन शनिवार गेले.

नळीच्या मधल्या वीतभर भागात काजळी इतकी घट्ट होती की केबलचे पहिले टोक वाकले. तापवून हवा सोडल्यावर दुसऱ्या टोकातून आधी ठिणग्या आणि मग काळ्या खपल्या पडू लागल्या. वर्तमानपत्रावर गोळा केल्या तर चहाचा अर्धा कप भरला. शेवटी एका टोकातून टॉर्च मारून दुसरीकडून हवेची फुंकर आरपार येते याची खात्री केली.

खरा धक्का मात्र सायलेन्सरकडे होता. उजव्या बाजूचे पॅकिंग शीटमधून हाताने कापलेले निघाले. बोल्टची दोन छिद्रे नेटकी पाडलेली होती, आणि धुरासाठीचे मधले छिद्र पाडायचे राहूनच गेले होते! सायलेन्सर बदलला तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षे, त्या नळीतून धूर वाहिलाच नसणार आणि कोंडलेल्या धुराची काजळी तिथेच साठत गेली असणार. ज्याने ते कापले त्याचा हात सफाईदार होता, हे मात्र मान्य करावे लागेल.

दोन्ही बाजूंना छिद्राची नवी पॅकिंग बसवली, तडकलेला एक रबरी जोड बदलला. पुण्यातल्या एका सदस्याकडे मूळ तेलाचा फिल्टर पडून होता, तो नळीसकट मिळाला. आता इंजिन सुरू केल्यावर चार मिनिटांत कार्बोरेटरखाली हात ठेवता येत नाही. स्लो मिनिटाला ८५० फेऱ्यांवर बसवला.

आज सकाळी पाचगणीहून महाबळेश्वरपर्यंत आणि तिथून परत, दोन्ही वेळा दाट धुक्यातून आलो. वेण्णा तलावाजवळच्या गर्दीत वीस मिनिटे स्लोवर उभा होतो. गाडी बंद पडली नाही. एकदम ॲक्सिलरेटर दिला तर गुदमरण्याचा दोष थोडा कमी झाला आहे, गेलेला नाही. त्यासाठी व्हॅक्यूमचा डिस्ट्रिब्युटर शोधत आहे.

तारेवरची (३० ऑगस्ट, रात्री ९.४०)

डिस्ट्रिब्युटर घेताना त्यावरचा क्रमांक कळवा, कारण १९७१ नंतरच्या दुहेरी व्हॅक्यूमच्या डिस्ट्रिब्युटरचे टायमिंग पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या साडेसात अंश आधी नव्हे, तर पाच अंश नंतर, तेही नळ्या जोडून, बसवावे लागते. चुकीच्या खुणेवर बसवलात तर नवा धागा काढावा लागेल.

जुनामिस्त्री (३१ ऑगस्ट, सकाळी ६.४०)

हवाथंड, हीट रायझरच्या दोन्ही फ्लँजचे बोल्ट दोन-तीनशे किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, पुन्हा आवळा. नवे पॅकिंग तापून दबते आणि बोल्ट ढिले होतात. तिथून धूर गळू लागला तर तो पंख्याच्या तोंडाशी येतो. आणि एप्रिल लागला की फिल्टरची गरम हवेची झडप मिटते आहे ना, तेवढे पाहून घ्या.